निवेदक पाहिजे

कळंबच्या मोंढ्यात एका अडत्यानं मला भर रस्त्यात थांबवून विचारलं होतं, "काल तुरीचा भाव तुम्हीच पाडला न्हवं?" मी गोंधळून गेले. मग उलगडा झाला. आदल्या संध्याकाळच्या बातम्यांत तूर उतरल्याचं मी वाचलं होतं आणि वाचताना माझा चेहरा हसरा होता. "आमचा जीव चाललाय आन् तुम्ही हसताव," एवढंच त्याचं म्हणणं. त्या दिवसापासून मी बाजारभाव गंभीर तोंडानं वाचायला लागले. पुढं तूर चढली, तेव्हा भूमहून एका शेतकऱ्याचा ऑफिसात फोन आला, "भाव वाढलाय, बाईला जरा हसायला काय धाड भरली?"

अकरा वर्षं मी आमच्या जिल्ह्याच्या केबल चॅनलवर बातम्या वाचल्या. चॅनल म्हटलं की लोकांना मोठी इमारत वाटते. आमच्या होत्या धाराशिवात पाइप-मोटारींच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत हिरवा पडदा, टेबल, कॅमेरा. दुसरीत कॉम्प्युटर, चहाचा थर्मास आणि उरलेले सगळे. हिरव्या पडद्याच्या जागी कॉम्प्युटरवर हवं ते चित्र बसवता येतं, म्हणून बघणाऱ्याला माझ्या मागं काचेची उंच इमारत दिसायची. खाली दुकानात मोटार चालवून बघायला लागले की तिची घरघर थेट माईकमध्ये यायची. त्यामुळं बातम्यांच्या आधी कुणीतरी खाली जाऊन "दहा मिनिटं दम धरा" असं सांगून यायचं.

निवेदन हे काम बाहेरून वाटतं तेवढं सोपं नाही आणि आम्ही भासवतो तेवढं अवघडही नाही. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर अक्षरं सरकत असतात, ती वाचायची, पण वाचतोय असं दिसू द्यायचं नाही. आकडा आला की आधी त्याचं शेपूट बघायचं, मग तोंड उघडायचं. नाहीतर हजार म्हणता म्हणता लाख निघतो. गावांची नावं सांभाळायची. आमच्याकडं ईट नावाचं मोठं गाव आहे. "ईट येथे अपघात" हे घाईत म्हटलं की "इथे अपघात" असं ऐकू जातं आणि लोक खिडकीबाहेर बघतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याच काचेवर लिहिलेली नव्हती, तरी आम्हा सगळ्यांना पाठ होती. बायकांनी वाचायचं, पुरुषांनी विचारायचं. बातम्या बाईच्या, चर्चा बाप्याची. आमदाराची मुलाखत, निवडणूक, दुष्काळ, पीकविमा, हे सगळं देशमुख सरांकडं. सणवार, रांगोळी, पाककृती माझ्याकडं. देशमुख सर माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. त्यांचे केस पिकले तेव्हा मालक म्हणाले, "आता चर्चेला वजन आलं." माझ्या कानशिलावर दोन पांढरे केस दिसले, तेव्हा कॅमेरावाल्याला सांगितलं गेलं की लाइट जरा मागं घे.

मालकांना सगळे अण्णा म्हणायचे. ते वाईट नव्हते, हे आधीच सांगते. माझी आई सोलापुरात दवाखान्यात होती तेव्हा त्यांनी स्वतःची गाडी चार दिवस दारात उभी केली होती. मला निवडलं तेही त्यांनीच. मी तुळजापूरची, वडील शाळेत क्लार्क. एका कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करताना अण्णांनी मला पाहिलं आणि घरी येऊन वडिलांना म्हणाले, "पोरगी उजळ आहे, शुद्ध बोलते, घर चांगलं आहे. आम्हाला द्या." पुष्कळ वर्षं मी समजत होते की माझी निवड आवाजावर झाली. त्यात रंग किती, आडनाव किती आणि आवाज किती, हे मी कधी तपासायला गेले नाही. तपासलं तर परवडणार नाही, हे आतून ठाऊक असावं.

माझ्या बाळंतपणाच्या वेळी पाचव्या महिन्यापासून कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ जवळ येत गेला. सातव्यात मला घरी बसवलं. परत आले तेव्हा खुर्चीत नवी मुलगी होती. पुढं मी ती जागा परत मिळवली, पण अडतीसाव्या वर्षी ती कायमची गेली. अण्णांनी मला "कार्यक्रम प्रमुख" केलं. म्हणजे बातम्या लिहायच्या, उच्चार तपासायचे आणि नव्या मुली निवडायच्या. "बाईची पारख बाईलाच," असं ते म्हणाले आणि मी खूश झाले.

निवडीसाठी मी एक कागद आखला होता. नाव, वय, शिक्षण, आवाज, उच्चार, चेहरा. शेवटच्या रकान्याला मी नाव दिलं नव्हतं. लग्न झालंय का, ठरलंय का, मूल आहे का, सासरचे पाठवतील का, हे सगळं त्यात जायचं. मुलगे चाचणीला यायचे तेव्हा तो रकाना कोरा राहायचा. त्यांना ते विचारायचं माझ्या मनातसुद्धा कधी आलं नाही. ज्या मुलीला नाही म्हणायचं तिला आवाजाचं किंवा उच्चाराचं कारण सांगायचं. आवाजाचं कारण सोयीचं असतं, कारण ते कुणाला तपासता येत नाही. मी स्वतःची समजूत घालायचे, की सहा महिन्यांनी काढून टाकण्यापेक्षा आत्ताच नाही म्हटलेलं बरं. आपण हिला वाचवतोच आहोत.

असं चाललेलं असताना अण्णांनी शेतीचा कार्यक्रम काढायचं ठरवलं. रोज संध्याकाळी अर्धा तास, थेट, शेतकऱ्यांनी फोन करायचे. जाहिरात दिली, "निवेदक पाहिजे. शेतीची माहिती आवश्यक." बातम्यांसाठी आम्ही "निवेदिका पाहिजे" अशी जाहिरात देत असू, या वेळी निवेदक. दहा अर्ज आले. नऊ मुलांचे आणि एक सुरेखा चव्हाणचा, मुक्काम ईट, तालुका भूम.

सुरेखा दोन एसट्या बदलून आली होती. वय एकोणतीस, सावळी, काटक. कृषी पदविका झालेली आणि नवऱ्याबरोबर स्वतःचं रान कसणारी. चाचणीचा कागद मी सगळ्यांना एकच दिला होता, तुरीवरच्या अळीची फवारणी. तिनं तो आधी मनात वाचला आणि मला म्हणाली, "मॅडम, हितं चुकलंय. धा लिटर पाण्याला एवढं औषध म्हणजे एक शून्य जादा पडलंय. ह्यानं पीक जळंल की."

मी कागद बघितला. शून्य जास्त होतं. आधीच्या नऊ जणांनी ते खणखणीत आवाजात वाचलं होतं आणि मीही मान डोलावली होती.

मग फोनची चाचणी. मी शेजारच्या खोलीत बसून शेतकरी व्हायचे आणि म्हणायचे, "माझी तूर वाळायलीय, काय करू?" मुलांनी फट्दिशी औषधाची नावं सांगितली होती. सुरेखानं मला विचारलं, "झाड उभ्या उभ्या वाळतंय का पानं पिवळी पडून? मागल्या साली त्याच रानात तूरच होती का? पाणी साचून ऱ्हातं का?" मला उत्तरं येईनात. जिल्ह्यात राहून इतकी वर्षं तुरीचे भाव वाचले, पण तूर कशानं वाळते ते मला माहीत नव्हतं. अर्ध्या मिनिटात कळलं, की निवड झाली. कागदावर मी तिला सगळ्यात वर ठेवलं. सवयीनं घरचं, लेकराचं विचारून शेवटचा रकानाही भरला. विवाहित, मुलगा चार वर्षांचा, एकत्र कुटुंब.

अण्णांनी चाचणीचं चित्रण पूर्ण पाहिलं. "पोरगी हुशार आहे," म्हणाले. "पण शेतीला बाई?"

"शेतीत बायाच तर असतात, अण्णा."

"असतात हो, पण सांगायला नसतात. दाढीवाला शेतकरी फोन लावणार आणि बाई त्याला अक्कल शिकवणार, पटंल का त्याला? शिवाय ईटवरनं रोज येणं. लेकरू आजारी पडलं म्हणजे थेट कार्यक्रमाला कुणाला बसवू? तिला शनिवारचा पाककृतीचा द्या. शेतीला तो परंड्याचा प्रशांत घ्या."

माझ्याकडं बोलायला शब्द होते. आजवर शब्दांवरच जगले होते. मी म्हटलं, "बघा तुम्ही." त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

सुरेखाला फोन केला. पाककृतीचं काढलंच नाही, आवाज थोडा जड वाटला एवढंच सांगितलं. मग तिनं विचारलं, "जड म्हणजे कसा, मॅडम?" मी म्हटलं, लाइनवर आवाज तुटतोय, आणि फोन ठेवला.

प्रशांत कामावर आला. साधा, प्रामाणिक मुलगा. कार्यक्रम सुरू व्हायला दोन महिने होते, तोवर तो माहिती गोळा करत बसायचा. एकदा डबा खाताना म्हणाला, "रात्री झोपच नाही मॅडम, धाकटी दहा महिन्यांची आहे, थोरली तीन वर्षांची." माझा घास हातातच राहिला. परंडाही काही जवळ नाही. त्याचा रकाना कोरा होता.

आठ-दहा दिवसांनी सुरेखा पुन्हा आली. बरोबर नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू लावलेली सासू, कोंडाबाई. अण्णा बाहेरगावी होते. कोंडाबाई खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ विषयावर आल्या.

"बाई, माझ्या सुनंचा आवाज जड हाय म्हनं. आमी तिकडल्या बांधाला खुरपत असताव, ही हिकडनं हाक मारती, ती आमाला कशी काय ऐकू येती मग?"

मी हसण्याचा प्रयत्न केला. "तसं नाही हो मावशी, टीव्हीचा आवाज वेगळा असतो."

"आसंल. मला त्यातलं कळत न्हाय. पर लेकराला कोन सांभाळंल आसं हिला इचारलं तुम्ही. आता लेकरू सांभाळायची म्या. मला न्हाय इचारलं कुनी."

सुरेखानं सासूच्या हातावर हात ठेवला. "आत्या, ऱ्हाऊ द्या." मग माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाली, "मॅडम, भांडायला न्हाय आले. मला घेतलं न्हाय ते ठीक हाय. कारण तेवढं लिहून द्या. मी दुसरीकडंबी अर्ज करणार हाय. माझ्यात काय कमी हाय ते मला कळलं तर मी सुधारीन."

हे वाक्य मला झोंबलं. मी चॅनलचा कागद ओढला आणि लिहिलं, "आपली चाचणी घेण्यात आली. आपला आवाज निवेदनास योग्य नसल्याने निवड करता येत नाही, याबद्दल दिलगीर आहोत." सही केली, शिक्का मारला आणि तिच्या हातात दिला.

"काय लिवलंय गं?" कोंडाबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

सुरेखानं कागद वाचायला घेतला. मोठ्यानं. मुद्दाम नाही, सासूला एका कानानं कमी ऐकू यायचं म्हणून. एकेक अक्षर सुटं, ठसठशीत, श्वास जिथं घ्यायचा तिथं घेतलेला. "आपला आवाज निवेदनास योग्य नसल्याने." खोलीत कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलानं कानावरचा हेडफोन काढून मान वळवली. प्रशांत दारात चहाचा कप धरून उभा होता, तो तसाच थांबला. खाली मोटार चालू होती, तिच्या घरघरीवरूनसुद्धा तो आवाज भिंतीपर्यंत जात होता. शेवटच्या "दिलगीर आहोत"पर्यंत ती वाचत गेली आणि कागदाची घडी घालायला लागली.

मी म्हटलं, "द्या तो इकडं."

तो फाडला आणि दुसरा लिहिला. "चाचणीत आवाज, उच्चार व विषयाची जाण या तिन्हींत आपण सर्वांत सरस ठरलात. हे काम पुरुषाला द्यायचे ठरल्याने आपली निवड केलेली नाही." अक्षर बरं आलं. सही केली. शिक्का मारायला गेले तर शाई वाळलेली, दोनदा दाबावा लागला.

सुरेखानं वाचलं, या वेळी मनात. डोळे भरले, पण रडली नाही. कोंडाबाईंनी परत विचारलं, "आता काय लिवलंय?"

"मी पहिली आले, आत्या."

"मग? घेतलं का?"

"न्हाय."

म्हातारीनं माझ्याकडं जे बघितलं, त्यात राग नव्हता. कोड्याचं उत्तर न सापडलेल्या माणसासारखं ते बघणं होतं.

ते पत्र सुरेखानं भूमच्या एका वकिलाला दाखवलं. नोकरी देताना बाई म्हणून डावलणं कायद्यात बसत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि कामगार कार्यालयात अर्ज लिहून दिला. पंधरा दिवसांत अण्णांना खुलाशाचं बोलावणं आलं. अण्णांनी पत्राची प्रत माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"हे तुमचं अक्षर?"

"हो."

"माझं मीठ खाऊन?" मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघा, तिथं एवढंच सांगा, की रागाच्या भरात लिहिलं गेलं. विषय संपतो. मी पण विसरतो."

घरी माझी मुलगी दहावीला होती, नवऱ्याची नोकरी सुटलेली. मी रात्रभर कूस बदलली असं लिहिलं तर शोभेल, पण खरं म्हणजे मला लगेच झोप लागली. सकाळी अण्णांना सांगितलं, "तसं नाही सांगता येणार. मी रागात नव्हते."

अधिकाऱ्यांसमोर आम्ही शेजारी शेजारी बसलो. मागितले होते फक्त त्या चाचणीचे कागद. मी सगळ्या वर्षांचा गठ्ठा नेला होता. अधिकारी सावकाश एकेक पान उलटत राहिले. मग चष्मा वर करून विचारलं, "हा शेवटचा रकाना मुलांच्या बाबतीत कोरा का?"

"विचारलंच नाही, साहेब."

"का नाही विचारलं?"

अण्णाच मध्ये बोलले. खालमानेनं, पण स्पष्ट. "साहेब, बाईंनी नुसतं लिहिलंय. डोकं माझं होतं. मला आपलं वाटत आलं, की हे असंच असतंय."

मी अण्णांकडं बघितलं. त्या घडीला त्यांच्याविषयी मला जेवढा आदर वाटला, तेवढा गाडी दिली तेव्हाही वाटला नव्हता. पण त्यांच्या बोलण्यात एक चूक होती आणि ती मी तिथं दुरुस्त केली नाही. रकाना अण्णांनी आखला नव्हता. तो मीच आखला होता.

परत आल्यावर ऑफिसच्या खाली गाडीतून उतरताना अण्णा म्हणाले, "कधीपासनं येणार ती, विचारून घ्या." एवढंच. नंतरचे पाच महिने ते माझ्याशी कामापुरतं बोलले आणि निवडीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. दुसऱ्या कुणी मालकानं मलाच काढलं असतं.

प्रशांतला मी भीत भीत सांगितलं, तर तो चक्क खुलला. "बरं झालं मॅडम. मला तुरीतलं काही कळत नाही. मला बाहेर पाठवा, बातम्या आणायला." त्याला तेच काम दिलं आणि ते त्यानं चांगलं केलं.

कार्यक्रमाचा पहिला फोन मला पाठ आहे. भूम तालुक्यातला कुणी वयस्क शेतकरी. सुरेखा म्हणाली, "रामराम काका, बोला." पलीकडून आवाज आला, "साहेब न्हाईत का? पुरुष माणसाला द्या फोन, शेतीचं इचारायचंय."

अण्णा काचेपलीकडं उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. हेच तर मी म्हणत होतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

सुरेखा हसून म्हणाली, "काका, सोयाबीन तुमचं हाय का साहेबांचं?"

"माझं हाय की."

"मग तुम्ही आन् मी बोलू. पानं कशी झालीत ते सांगा. पिवळी ठिपक्या ठिपक्याची का सगळीच?"

काका म्हणाले, "ठिपक्याची," आणि पुढं सात मिनिटं बोलत राहिले. शेवटी "ताई, उद्या परत लावतो" म्हणाले. अण्णा खाली गेले, ते सगळ्यांसाठी गरम भजी घेऊनच वर आले.

अण्णांना भीती होती तसं लेकरू आजारी पडायचंच, पडलंही. त्या दिवशी सुरेखानं सुट्टी घेतली आणि देशमुख सरांनी कार्यक्रम केला. आभाळ कोसळलं नाही. अडीच वर्षं तो कार्यक्रम चालला. नंतर घरोघरी मोबाइल आला, केबलची कनेक्शनं कमी होत गेली, अण्णांनी शटर ओढलं. सुरेखा आता शेजारच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या एका छोट्या रेडिओवर बोलते. तिच्याबद्दल मला अभिमान वाटतो, आणि त्या अभिमानात माझा वाटा अगदी थोडा आहे हेही मला कळतं. तिनं कागद मोठ्यानं वाचला नसता, तर तो खोटा कागद घेऊन ती गेली असती आणि मी पुढच्या मुलीला बोलावलं असतं.

गेल्या हिवाळ्यात भूमच्या एका शाळेनं मला वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. मुलांची तयारी उत्तम होती. तयारी कुणी करून घेतली, विचारलं तर पाठीमागं उभ्या असलेल्या चाळिशीच्या शिक्षिकेकडं बोट दाखवलं गेलं. वनिताबाई. भाषणं त्या लिहितात, पोरांना चढ-उतार त्या शिकवतात, तालुक्यात त्यांचं नाव आहे. मी म्हटलं, "मग निकाल तुम्हीच जाहीर करा की."

त्या मागं सरकल्या. "नको मॅडम. मी माईकवर बोलत नाही. माझे उच्चार साफ नाहीत."

"कोण म्हणालं असं?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्हीच. तुमच्या चॅनलला चाचणीला आले होते मी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तुम्ही म्हणालात, श आणि ष मध्ये गडबड होते."

मला ती मुलगी आठवेना. किती आल्या, किती गेल्या. मी विचारलं, "तेव्हा तुमचं लग्न ठरलेलं होतं का?"

"हो. तुम्ही विचारलं होतं, मी सांगितलं. मग तुम्ही श आणि षचं सांगितलं." त्या पुढं म्हणाल्या, "रोज आरशासमोर म्हणायचे मी. पुष्कळ वर्षं."

आम्ही बोलत होतो तेवढ्या वेळात त्यांच्या तोंडून चार-पाच वेळा ष आला होता आणि दर वेळी तो स्वच्छ होता. मी त्यांचा हात धरून हळू आवाजात सगळं सांगितलं. उच्चारात काही दोष नव्हता. लग्न ठरलेलं होतं, म्हणून नाही म्हटलं. कारण खोटं होतं.

त्यांनी हात सोडवून घेतला. चेहरा लाल झाला होता. "हे माझ्या कानात कशाला सांगताय मॅडम? तेव्हा तर चार पोरींसमोर सांगितलं होतं."

मी व्यासपीठावर गेले. समोर जमिनीवर शाळेची सगळी पोरं, कडेला शिक्षक, काही पालक. मी माईक हातात घेतला आणि सांगितलं, की तुमच्या वनिताबाई माझ्याकडं एकदा चाचणीला आल्या होत्या. त्यांचा आवाज आणि उच्चार चांगले होते. त्या बाई होत्या आणि त्यांचं लग्न ठरलं होतं, म्हणून मी त्यांना घेतलं नाही आणि उच्चार वाईट आहेत असं खोटं सांगितलं. ती चूक माझी होती. मी त्यांची माफी मागते.

पोरांना यातलं किती कळलं कुणास ठाऊक. पण बाईंचे उच्चार चांगले आहेत एवढं कळलं असावं, कारण पहिल्यांदा मागच्या रांगेतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी.

वनिताबाई लगेच आल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं, चष्मा घातला, काढला, परत घातला. मग तीन पायऱ्या चढून वर आल्या. त्यांनी फक्त हात पुढं केला. मी माईक आणि निकालाचा कागद त्यांच्या हातात दिला आणि बाजूला झाले. त्यांनी आधी कागद नजरेखालून घातला, श्वास घेतला.

"तृतीय क्रमांक," त्या म्हणाल्या, "वर्षा शेषराव शिंदे, इयत्ता सातवी."

सातवीच्या रांगेतून एक मुलगी उठून धावत सुटली.